आरटीपी ९७ की पाच हजार पट: कुठल्या स्लॉटवर खेळू, बेट किती लावू

भावा, तुझा प्रश्न मी असा धरतो. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत कामाला आहेस, पगारातले महिन्याला पाच हजार बाजूला काढतोस आणि एका ॲपवर स्लॉट (बटण दाबून चिन्हांच्या पट्ट्या, म्हणजे रील, फिरवायच्या, चिन्हं जुळली की पैसे) खेळतोस, त्यात दोन गेम तुला आवडतात, एकाचा आरटीपी (लावलेल्या पैशातला सरासरीनं खेळणाऱ्यांना परत जाणारा हिस्सा) ९७ टक्के लिहिलाय पण बक्षिसं बारकी बारकी येतात, दुसऱ्याचा ९६ आहे पण त्याच्यावर बेटच्या 'पाच हजार पट' बक्षीस असं झळकतंय, तर खेळायचं कुठल्यावर, बेट दहाची का पन्नासची, कधी थांबायचं, आणि डिपॉझिटवर शंभर टक्के बोनस देतायत तो घ्यायचा का. 'नाद सोड' म्हणणारे तुला घरात आणि कंपनीच्या गेटवर भेटतातच, त्यामुळं मी तिथनं सुरुवात करत नाही. तू हिशोब विचारलायस, हिशोबच सांगतो.

मी पुण्यात एका गेम कंपनीत बाहेरच्या देशांसाठी बनणाऱ्या स्लॉटचं गणित बसवायचं काम बरीच वर्षं केलंय. म्हणजे कुठल्या रीलवर कुठलं चिन्ह किती वेळा, तीन आले की किती पट, पाच आले की किती, हे सगळं एका शीटवर मांडायचं, त्याला आमच्यात पार शीट म्हणतात, आणि मग कॉम्प्युटरवर कोट्यवधी स्पिन फिरवून ठरवलेला टक्का जुळतोय का बघायचं. आता राजारामपुरीत स्टॅटिस्टिक्सचे क्लास घेतो. तर गेम बनवणारा माणूस काय बघत असतो तेवढं मला सांगता येतं. तुझ्या ॲपच्या पोटात काय आहे ते बाहेरनं कुणालाच दिसत नाही, त्यावर पुढं येतो, कारण खरी रिस्क तिथंच आहे.

आधी आरटीपी. ९६ टक्के म्हणजे पाच हजार भरले की चार हजार आठशे परत, असं जवळपास सगळे धरून चालतात आणि तिथंच गाडी चुकते. हा टक्का तू भरलेल्या पैशावर नसतो, तू लावलेल्या प्रत्येक बेटवर असतो. दहाच्या बेटनं पाच हजार एकदा फिरवले म्हणजे ५०० स्पिन, मिनिटाला दहा धरले तर पन्नास मिनिटं. सरासरीनं हातात राहिले ४,८००. पण तू तिथं उठत नाहीस ना, तेच ४,८०० परत फिरवतोस, मग राहतात ४,६०८, मग त्याचे परत ९६ टक्के, आणि असं दहा वेळा झालं की साधारण ३,३२० उरतात. गेम तोच, टक्का तोच, कुणी काही लबाडी केलेली नाही, तरी तिसरा हिस्सा गेला.

आपल्याकडच्या माणसाला हे मटक्यावरनं पटकन कळतं. एकेरी आकड्याला दहाला नव्वद हा जुना भाव, दहा आकड्यांतला एक लागणार, म्हणजे आरटीपी झाला ९० टक्के. स्लॉटपेक्षा वाईट की. पण एका बाजाराचे दिवसाला आकडे दोनच, ओपन आणि क्लोज, त्यामुळं दोन्हीवर दहा दहा लावणाऱ्याचं सरासरी नुकसान दिवसाला दोन रुपये. तू तेच दहा रुपये स्लॉटवर तासाला ६०० वेळा लावतोस, म्हणजे सहा हजारांची उलाढाल, तिचे ४ टक्के म्हणजे तासाला २४० रुपये. मटका चांगला असं म्हणत नाहीये हां, तोही बेकायदाच आहे. सांगायचंय एवढंच की टक्का बघायचा नसतो, टक्का गुणिले बेट गुणिले स्पीड हे बघायचं असतं, आणि स्पीड कुठल्याही गेमच्या माहितीत लिहिलेला नसतो. ब्रिटनच्या गॅम्बलिंग कमिशननं २०२१ मध्ये ऑनलाइन स्लॉटला एक स्पिन कमीत कमी अडीच सेकंदाचा हा नियम उगाच नाही केला, आपोआप स्पिन फिरवत राहणारा ऑटोप्लेही तेव्हाच बंद केला.

आता तुझे दोन गेम. खरे गेम फार गुंतागुंतीचे असतात, म्हणून मी दोन साधे नमुने करतो, कागद घेऊन तूही ताडून बघ.

पहिला, बारक्या बक्षिसांचा. १०० स्पिनमध्ये सरासरी साडेअठ्ठेचाळीस वेळा दुप्पट, बाकी शून्य. आरटीपी ९७. दुसरा, मोठ्या बक्षिसाचा. १०० मध्ये २४ वेळा दुप्पट, आणि हजारात एकदा ४८० पट. अर्धा आरटीपी बारक्यातनं, अर्धा त्या एका मोठ्यातनं, बेरीज ९६. दोन्हीवर दहाची बेट, ५०० स्पिन, म्हणजे पाच हजारांची एकच फेरी.

पहिल्यावर शंभर जण बसवले तर त्यातले पंच्याण्णव जण ४,४०० ते ५,३०० च्या मधे कुठंतरी उठतील. साधारण पंचवीस जण फायद्यात, पण फायदा म्हणजे शे-दोनशे रुपये. कुणाचं काही जळणार नाही, कुणाचं काही फुलणारही नाही. मात्र हेच तू ५०० च्या जागी ५,००० स्पिन खेळलास तर फायद्यात उठणारे शंभरातले दोनसुद्धा राहत नाहीत. सेफ गेम म्हणतात तो हा. सेफ म्हणजे पैसे हळू आणि खात्रीनं जातात.

दुसऱ्यावर बसवलेले शंभर बघ. ५०० स्पिनमध्ये मोठं बक्षीस एकदाही न दिसणारे असतात जवळजवळ ६१. त्यांच्या हातात सरासरी २,४०० राहतात, म्हणजे पन्नास मिनिटांत निम्म्याहून जास्त साफ. तीसएक जणांना ते एकदा लागतं, ते ७,२०० च्या आसपास. उरलेल्या नऊ जणांना दोनदा किंवा जास्त, ते बारा हजार आणि पुढं. सगळ्यांची सरासरी काढलीस तर बरोब्बर ४,८०० च्या जवळ येते, गेमनं शब्द पाळला. पण ते ४,८०० घेऊन उठलेला असा एक माणूस तुला त्या शंभरात शोधून सापडायचा नाही. आणि इन्स्टाग्रामला रील टाकतात कोण, टेलिग्रामला स्क्रीनशॉट टाकतात कोण, तर ते नऊ. एकसष्ट जण गप फोन खिशात घालून कामाला लागलेले असतात.

म्हणून ९७ का ९६ हा प्रश्न तुला वाटतो तेवढा मोठा नाही. पाच हजारांच्या एका फेरीत तो एक टक्का म्हणजे पन्नास रुपये. पैसा किती विखुरलाय, म्हणजे किती लोकांकडनं गोळा करून किती थोड्यांना द्यायचा, ह्याच्यावर तुझी संध्याकाळ ठरते. त्याला व्होलॅटिलिटी म्हणतात आणि गेमच्या माहितीत ती कुठंतरी पाच ठिपक्यांत नाहीतर मिरच्यांत दाखवलेली असते. पाचपैकी पाच असेल तर मी वर मांडला त्यापेक्षाही तो गेम तिखट आहे असं धर.

बेटचं उत्तर ह्याच नमुन्यात आहे. दुसऱ्या गेमवर मोठं बक्षीस येईपर्यंत दर स्पिनला सरासरी ५ रुपये २० पैसे जळत राहतात, म्हणजे दहाच्या बेटला तुझे पाच हजार साधारण ९६० स्पिन पुरतात. तेवढ्यात मोठं बक्षीस एकदाही न बघता संपणारे शंभरात ३८. आता बेट पन्नासची कर. तेच पाच हजार १९० स्पिन चालतात, वीस मिनिटांच्या आत खेळ खल्लास, आणि काहीच न बघता संपणारे होतात शंभरात ८२. बक्षीस पाचपट मोठं झालं हे खरं, पण ते दिसायच्या आतच तू बाहेर. ज्याला वेळ घालवायचाय त्यानं बेट बारीक ठेवायची, एवढं त्यातनं निघतं. ज्याला कमवायचंय त्याला कुठल्याच बेटचं उत्तर नाही, कारण बेट कितीही केली तरी प्रत्येक रुपयामागचे चार पैसे ठरलेलेच आहेत.

पाच हजार पटीचं आतलं गणित सांगतो, हे बाहेर कुणी बोलत नाही. समज, मी डिझायनर आहे आणि मला गेमवर '५,००० पट' लिहायचंय. मी ते दहा लाख स्पिनमध्ये एकदा येईल असं ठेवलं तर आरटीपीतनं मला किती द्यावं लागतं? पाच हजार भागिले दहा लाख, म्हणजे अर्धा टक्का. अर्ध्या टक्क्यात मला जाहिरातीचा आख्खा बोर्ड मिळाला. आणि तुझ्या ५०० स्पिनमध्ये ते दिसायची शक्यता दोन हजारात एक. बरेच गेम ह्याहूनही दुर्मिळ ठेवतात. तेव्हा जास्तीत जास्त किती पट हा आकडा वाचून गेम निवडू नकोस.

अजून एक बघ, आज खेळलास तर मुद्दाम बघ. वीस लाइनच्या गेमवर (लाइन म्हणजे चिन्हं ज्या ओळीत जुळायला लागतात ती) दहाची बेट लागली, एका लाइनवर काहीतरी जुळलं, स्क्रीनवर नाणी उडाली, ढँणढँण म्युझिक वाजलं आणि मिळाले चार रुपये. म्हणजे गेले सहा. पण डोक्यात नोंद होते 'लागलं' म्हणून. आवाज बंद करून, दर वेळी आधीचा आणि नंतरचा बॅलन्स कागदावर लिहून पन्नास स्पिन खेळ, 'बारकी बारकी बक्षिसं येतात' म्हणतोस त्यातली किती बेटपेक्षा कमी आहेत ते आपोआप दिसेल. ब्रिटननं २०२१ च्या त्याच नियमांत बेटएवढं किंवा त्याहून कमी मिळालं तर जल्लोष दाखवायला बंदी घातली, ती ह्याच्यासाठी.

'थोडक्यात हुकलं' ह्याचंही तसंच. दोन सात आले आणि तिसरा एक घर वर थांबला की वाटतं जवळ आलोय. जुन्या यांत्रिक मशीनमध्ये रीलवर जेवढी घरं तेवढीच शक्यता असायची. १९८४ मध्ये अमेरिकेत इंगे टेल्नेस नावाच्या माणसाला पेटंट मिळालं, त्यात दिसणारी रील वेगळी आणि आत कॉम्प्युटरचा नंबर काढणारी रील वेगळी झाली, सातच्या वाट्याला आत एकच नंबर आणि मोकळ्या घरांना ढीगभर. तेव्हापासनं डोळ्याला दिसणारं अंतर आणि खरी शक्यता ह्यांचा काही संबंध राहिला नाही. ऑनलाइन गेम तर नुसतं चित्र आहे, तू बटण दाबलंस त्या क्षणी नंबर निघालेला असतो आणि पुढचं फिरणं म्हणजे सगळी सजावट. त्यामुळं 'आता चारशे स्पिन झाले, पडायलाच पाहिजे' हे नाही. चारशे कोरडे गेल्यावरही पुढच्या स्पिनला शक्यता हजारात एकच.

हरले की बेट डबल करत जायची आयडियाही इथंच मोडते. दहा, वीस, चाळीस असं करत नऊ वेळा हरलास की ५,११० गेले, तुझं महिन्याचं बजेट संपलं, आणि स्लॉटवर सलग नऊ कोरडे जाणं ही रोजची गोष्ट आहे.

बोनसला मी पटकन उरकतो कारण त्यात दम नाही. पाच हजार भरा, पाच हजार बोनस, अट अशी की बोनसच्या ३५ पट खेळल्याशिवाय काढता येणार नाही. ३५ पट म्हणजे पावणेदोन लाखांची उलाढाल. तिचे ४ टक्के म्हणजे सात हजार. पाच हजारांच्या बोनससाठी सरासरी सात हजार जाणार. ३५ च्या जागी तुझ्या ॲपवर किती पट लिहिलंय ते बघ, २५ ला हा हिशोब बरोबरीत येतो, त्याच्या वर असेल तर बोनस न घेतलेला बरा. आणि अट बोनसवर आहे का बोनस अधिक डिपॉझिटवर, हेही बघ, दुसरं असेल तर सगळं दुप्पट धर.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. वरचं एकूण एक गणित एकाच गृहीतावर उभं आहे, की लिहिलेला आरटीपी खरा आहे. ज्या देशांत लायसन लागतं तिथं आमचा गेम स्वतंत्र लॅबकडं जायचा, ते कोड आणि पार शीट तपासायचे, आणि मगच तो चालू व्हायचा. त्यातही एकच गेम वेगवेगळ्या आरटीपीच्या आवृत्त्यांत विकला जातो, साइटवाला ९६ ची घेईल नाहीतर ९१ ची, चित्रं आणि आवाज तेच, खेळणाऱ्याला फरक कळत नाही. तुझ्या ॲपवरचा ९७ कुणी तपासलाय? भारतात पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेत मंजूर झाला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली, आणि त्यात कौशल्याचा खेळ का नशिबाचा हा फरकसुद्धा ठेवलेला नाही. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. पण ह्याचा अर्थ असा की आज जे ॲप तुझ्याकडनं पैसे घेतंय ते कायद्याबाहेरचं आहे, त्याचा आरटीपी खोटा निघाला किंवा त्यानं पैसे अडकवले तर तुला वाली कोण? जो माणूस पकडला जायच्या तयारीनंच धंदा करतोय तो ९७ चे ८५ करायला का लाजेल, हे मला तरी सांगता येत नाही.

आणि पैसे मिळाले तरी ते कुठल्या खात्यातनं येतात ते बघ. बँका अशा ॲपना रीतसर पेमेंट देत नाहीत, म्हणून डिपॉझिटला दर वेळी वेगळा यूपीआय आयडी येतो, आज कुणाच्या किराणा दुकानाचा, उद्या कुठल्यातरी अनोळखी नावाचा. जिंकलेले पैसेही तसेच कुणाच्या तरी खात्यातनं येतात. ती बऱ्याचदा भाड्यानं घेतलेली खाती असतात, त्यांच्यातनं दुसऱ्या फसवणुकीचे पैसेही फिरत असतात. तिकडं कुणी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, तक्रार केली की पोलीस पैशाचा माग काढत येतात आणि साखळीतल्या पुढच्या खात्यांवर होल्ड बसतो. गांधीनगरला कापड दुकानात कामाला असलेल्या माझ्या ओळखीतल्या एका पोराचं हेच झालं. जिंकलेले सहा हजार आले, आनंदात पार्टी केली, आणि काही दिवसांनी पगाराच्या खात्यातनं पैसे निघेनात. बँकेत विचारलं तर दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांचं पत्र. सहा हजारांपायी घरभाडं, गाडीचा हप्ता, आईच्या गोळ्या सगळं उधारीवर. मी आयुष्यभर शीटवर रिस्क मांडली, त्यात ही ओळ कधीच नव्हती.

टॅक्स पण धर. ऑनलाइन गेममधनं वर्षात जे निव्वळ जिंकलंस त्यावर ३० टक्के, तुझा स्लॅब कुठलाही असो. वरच्या नमुन्यातल्या तीस जणांचे २,२०० फायद्याचे राहिले १,५४०. वर्षाअखेर तोट्यात असलेल्यांना मात्र तो तोटा पगारातनं वजा करता येत नाही.

थांबायचं कधी, तर कुठलाही थांबायचा नियम, हजार हरलो की उठणार, दोन हजार जिंकलो की उठणार, हा टक्का बदलत नाही. तो फक्त उलाढाल कमी करतो, आणि म्हणून तेवढाच उपयोगी आहे. तुझ्या जागी मी असतो तर ह्या ॲपवर पुढचं डिपॉझिट शून्य केलं असतं, आणि ते ९७-९६ च्या भांडणापायी नाही, तर न तपासलेला आरटीपी आणि खात्यावर बसणारा होल्ड ह्या वर सांगितलेल्या दोन गोष्टींपायी. गेमचीच हौस असेल तर खोट्या पैशांचे डेमो फुकट मिळतात, तिथं हजार स्पिन मारून वरचे आकडे ताडून बघ, मजाही येते. आणि महिन्याचे पाच हजार संपल्यावर उधार घेऊन भरायची वेळ आली असेल, किंवा घरात लपवालपवी सुरू झाली असेल, तर हा हिशोबाचा प्रश्न राहिला नाही, १४४१६ हा टेलिमानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीतही बोलतात, तिथं फोन कर.

तुझ्या वॉलेटला आत्ता किती आहेत ते लिहिलं नाहीस. जे असतील ते आज काढायला टाक, सगळे एकदम नकोत, आधी पाचशे टाकून बघ. 'पैसे काढायला आधी टॅक्स भरा' किंवा 'व्हेरिफिकेशनचे दोन हजार पाठवा' असं आलं तर एक रुपया पाठवू नकोस, खरा टॅक्स जिंकलेल्या रकमेतनं कापतात, आधी मागून घेत नाहीत. चॅटचे स्क्रीनशॉट, ज्या ज्या यूपीआय आयडीला पैसे पाठवलेस त्यांची नावं आणि व्यवहाराचे यूटीआर नंबर (प्रत्येक पेमेंटला मिळणारा बँकेचा संदर्भ क्रमांक) एका जागी काढून ठेव, ॲप डिलीट व्हायच्या आधी, मग १९३० ला फोन लावायची वेळ आली तर तिथं पहिल्यांदा हेच मागतात. आणि पगाराचं खातं त्या ॲपला जोडलेलं असेल तर ते आधी काढ.